हेडली व्हेरिटी

मुलांनो, पाऊस आला की क्रिकेटच्या मैदानावर कशी गडबड उडते, हे तुम्ही पाहिले असेल. माणसे धावत येतात आणि खेळपट्टीवर जाड आच्छादन पसरतात. पूर्वी इंग्लंडमध्ये असे नव्हते. सामना सुरू झाला की खेळपट्टी बहुधा उघडीच राहायची. ती पावसात भिजायची आणि उन्हात वाळायची. अशा वाळत्या खेळपट्टीवर चेंडू कधी हातभर वळे, तर कधी एकदम उसळे. भल्याभल्या फलंदाजांची फजिती होई. अशा वेळी चेंडू हेडली व्हेरिटी यांच्या हाती आला, तर समोरच्या संघाचे काही खरे नसे.

१८ मे १९०५ रोजी इंग्लंडमधील लीड्स शहरात, हेडिंग्ले भागात हेडलीचा जन्म झाला. क्रिकेटचे प्रसिद्ध मैदान तिथून जवळच होते. वडील कोळशाचा व्यापार करत. पुढे हे कुटुंब लीड्सजवळच्या रॉडन या गावी राहायला गेले. शाळा संपल्यावर हेडली वडिलांच्या धंद्यात हातभार लावू लागला. पण त्याचे मन मैदानावर होते.

इंग्लंडमधल्या परगण्यांना काउंटी म्हणतात. आपल्याकडे रणजी करंडकासाठी राज्यांचे संघ खेळतात, तसे तिथे काउंट्यांचे संघ खेळतात. हेडलीला आपल्या यॉर्कशायर काउंटीकडून खेळायचे होते. अडचण एकच होती. तो डावखुरा गोलंदाज, आणि यॉर्कशायरच्या संघात आधीच एक डावखुरे गोलंदाज होते. ते म्हणजे विल्फ्रेड ऱ्होड्स. त्यांनी चार हजारांहून अधिक बळी घेतले होते. पन्नाशी आली तरी ते खेळतच होते. ते निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कोणाला त्या जागी संधी मिळणे कठीण होते.

हेडली थांबला, पण हात जोडून बसला नाही. शेजारच्या लँकेशायरमधील ॲक्रिंग्टन आणि मिडलटन या गावांच्या संघांकडून तो खेळला. ॲक्रिंग्टनला फारसे यश आले नाही. वॉरिकशायर काउंटीने त्याची चाचणी घेतली आणि त्याला नाकारले. तोपर्यंत तो मध्यमगती चेंडू टाकत असे. ऱ्होड्स यांची जागा कधीतरी रिकामी होईल, हे ओळखून त्याने आपली गोलंदाजी बदलली. यॉर्कशायरचे जुने खेळाडू जॉर्ज हर्स्ट त्याला शिकवत होते. वेग कमी करून चेंडू वळवायचा, हे नवे तंत्र त्याने मोठ्या मेहनतीने हस्तगत केले. जमलेली गोष्ट सोडून नवी शिकायला किती धीर लागतो, याचा विचार करून पाहा!

१९३० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, व्हेरिटी यांना यॉर्कशायरच्या संघात प्रवेश मिळाला. ऱ्होड्स यांचे ते शेवटचे वर्ष होते. पहिल्याच हंगामात व्हेरिटी यांनी ६४ बळी घेतले आणि साऱ्या इंग्लंडच्या गोलंदाजांत सरासरीत पहिला क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी १८ मे रोजी, म्हणजे आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, त्यांनी एका डावातील दहाही गडी बाद केले. समोरचा संघ कोणता होता, ठाऊक आहे? ज्यांनी त्यांना नाकारले होते, तेच वॉरिकशायर!

आता १२ जुलै १९३२ या दिवसाची गोष्ट ऐका. हेडिंग्लेच्या मैदानावर यॉर्कशायर आणि नॉटिंगहॅमशायर यांचा सामना चालू होता. यॉर्कशायरचा संघ पहिल्या डावात ७१ धावांनी मागे होता. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला होता. तिसऱ्या दिवशी खेळपट्टी हळूहळू वाळू लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नॉटिंगहॅमशायरच्या ३८ धावा झाल्या होत्या आणि एकही गडी बाद झाला नव्हता. सुट्टीनंतर मात्र सगळे चित्र पालटले. व्हेरिटी धावत येत, हात उंच करत आणि चेंडू अचूक जागी टाकत. एकामागून एक फलंदाज बाद होऊन परतू लागले. लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद झाले. शेवटचे सात बळी व्हेरिटी यांनी अवघ्या १५ चेंडूंत घेतले. सारा संघ ६७ धावांत गारद झाला. व्हेरिटी यांनी १९ षटके आणि ४ चेंडू टाकले. त्यांपैकी १६ षटके निर्धाव होती. त्यांनी १० धावा दिल्या आणि १० बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका डावात याहून चांगली कामगिरी आजवर कोणालाही करता आलेली नाही. मग यॉर्कशायरच्या होम्स आणि सटक्लिफ या सलामीच्या जोडीने लागणाऱ्या १३९ धावा एकही गडी न गमावता काढल्या.

पुढचे वर्ष संपता संपता इंग्लंडचा संघ भारतात आला. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना मुंबईत, जिमखान्याच्या मैदानावर झाला. लाला अमरनाथ यांनी तिथे शतक काढले, ते तुम्ही ऐकले असेल. त्या संघात व्हेरिटीही होते. त्या दौऱ्यातील तीन कसोटींत त्यांनी २३ बळी घेतले. त्यांपैकी ११ बळी एकट्या मद्रासच्या सामन्यातले होते.

१९३४ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा पाऊस मदतीला आला. व्हेरिटी यांनी सामन्यात १५ बळी घेतले. त्यांतले १४ एकाच दिवसात! महान फलंदाज डॉन ब्रॅडमन दोन्ही डावांत त्यांनाच बळी पडले. केवळ पावसामुळे हे घडले, असे मात्र समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, टणक खेळपट्ट्यांवरही ब्रॅडमन त्यांना जपून खेळत. कसोटी सामन्यांत व्हेरिटी यांनी त्यांना आठ वेळा बाद केले. इतक्या वेळा दुसऱ्या कोणीही केले नाही. यॉर्कशायरकडून व्हेरिटी दहा हंगाम खेळले. त्यांत सात वेळा यॉर्कशायरने काउंटी अजिंक्यपद जिंकले.

१९३८ साली युरोपवर युद्धाचे ढग जमू लागले. व्हेरिटी यांनी ओळखीच्या एका सैन्याधिकाऱ्याची भेट घेतली आणि युद्धशास्त्राची पुस्तके मागून घेतली. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जातानाही ती पुस्तके त्यांच्या सोबत होती. गोलंदाजी शिकले, तशीच ही नवी विद्याही ते शिकू लागले.

१ सप्टेंबर १९३९. होव्ह येथे ससेक्सविरुद्ध सामना चालू होता. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. व्हेरिटी यांनी ९ धावांत ७ गडी बाद केले आणि ससेक्सचा डाव ३३ धावांत आटोपला. तो त्यांचा काउंटीसाठी शेवटचा सामना ठरला. प्रथम श्रेणीत त्यांचे १,९५६ बळी झाले होते. वय होते अवघे चौतीस.

ते ग्रीन हॉवर्ड्स या पलटणीत भरती झाले आणि पुढे कॅप्टन झाले. १९४२ मध्ये ही पलटण भारतात आली. रांचीला असताना ते अतिसाराने फार आजारी पडले. तरीही मायदेशी न परतता ते इराण, सीरिया, इजिप्त असा प्रवास करत आपल्या पलटणीबरोबर राहिले. जुलै १९४३ मध्ये ही पलटण इटलीच्या सिसिली बेटावर उतरली. १९ जुलैच्या रात्री कटानियाच्या मैदानी प्रदेशात ते आपल्या तुकडीला घेऊन उभ्या पिकातून पुढे सरकत होते. शत्रूने चहूकडून गोळीबार केला. शेताला आग लागली. व्हेरिटी यांच्या छातीत गोळी लागली. ते खाली पडले. पण आपल्याजवळ न थांबता पुढे जा, असाच हुकूम त्यांनी शिपायांना दिला. तुकडीला माघार घ्यावी लागली, तेव्हा त्यांचा सेवक शिपाई मात्र त्यांच्याजवळच राहिला. शत्रूने दोघांनाही कैद केले.

जखमी व्हेरिटी यांना बोटीने आणि मग रेल्वेने नेपल्सजवळच्या कासेर्टा येथील रुग्णालयात नेण्यात आले. तिथे शस्त्रक्रिया झाली. पण रक्तस्राव काही थांबेना. ३१ जुलै १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. पत्नी आणि दोन मुले यॉर्कशायरमध्ये त्यांची वाट पाहत होती. थोरल्याचे नाव विल्फ्रेड, ते ऱ्होड्स यांच्यावरून ठेवलेले. घरी एवढेच कळले होते, की कॅप्टन जखमी आहेत आणि त्यांचा पत्ता नाही. निधनाची बातमी पोहोचली १ सप्टेंबरला. होव्हच्या त्या सामन्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

१९५४ साली इंग्लंडचा संघ बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाला होता. कर्णधार लेन हटन हे यॉर्कशायरचे आणि व्हेरिटी यांचे जुने सहकारी होते. बोट नेपल्सला थांबली, तेव्हा ते कासेर्टाच्या लष्करी दफनभूमीत गेले आणि आपल्या मित्राच्या कबरीपाशी उभे राहिले.