विश्लेषण : ‘जडीबुटी’ प्रयोगशाळेत नेणारे कर्नल चोप्रा, उत्तेजक औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी का लागते?

रावेरच्या एखाद्या मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची स्ट्रिप उलटून पाहा. अनेक औषधांच्या स्ट्रिपवर ‘आरएक्स’ अशी खूण आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करू नये, असा इशारा छापलेला असतो. ज्या कायद्यामुळे ही शिस्त आली, त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते कर्नल सर रामनाथ चोप्रा. झोप उडवणाऱ्या, तरतरी आणणाऱ्या औषधांचा उपयोग आणि धोका, दोन्हींचा त्यांनी अभ्यास केला होता.

कोण होते रामनाथ चोप्रा?

चोप्रा यांचा जन्म १८८२ मध्ये गुजरांवाला (आता पाकिस्तानात) येथे झाला. केंब्रिजमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ते औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

त्या काळी बरीचशी औषधे परदेशातून येत आणि महाग पडत. दुसरीकडे, बाजारात वैद्य आणि पंसारी शेकडो मुळ्या-पाने विकत होते. यात खरेच औषध आहे का? असेल तर किती? ते इथेच स्वस्तात बनवता येईल का? या प्रश्नांवर चोप्रा यांनी पुढची अनेक वर्षे काम केले.

एफेड्राची गोष्ट काय?

एफेड्रा हे काडीसारखे दिसणारे झुडूप आहे. चीनमध्ये ते ‘मा-हुआंग’ नावाने शतकानुशतके वापरात आहे. १८८५ मध्ये जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी त्यातून ‘एफेड्रिन’ वेगळे केले. १९२४ मध्ये पेकिंगमधील चेन आणि श्मिट यांच्या संशोधनानंतर डॉक्टरांचे त्याकडे लक्ष गेले. दम्यासाठी तेव्हा ॲड्रिनलिनचे इंजेक्शन द्यावे लागे. एफेड्रिन मात्र तोंडाने घेता येत होते आणि त्याचा परिणामही जास्त वेळ टिकत होता.

चोप्रा यांनी हिमालय आणि बलुचिस्तानातील एफेड्राच्या जाती तपासल्या. पुढे दिल्लीच्या ‘एम्स’चे पहिले संचालक झालेले मराठी डॉक्टर भालचंद्र दीक्षित हेही या काळात त्यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. भारतीय जातींतही एफेड्रिन असल्याचे दिसले. पण जात, ऋतू आणि पाऊस यांनुसार त्याचे प्रमाण बदलत होते. म्हणजे एकाच झाडाच्या मूठभर काड्यांत एकदा कमी औषध, तर एकदा जास्त! मोजल्याशिवाय डोस ठरवता येत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

शरीरात नेमके काय होते?

एफेड्रिनमुळे मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन बाहेर पडते. श्वासनलिका सैल होतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि झोप उडते. गाडीच्या भाषेत सांगायचे तर टाकीतले पेट्रोल वाढत नाही, फक्त ॲक्सिलरेटर दाबला जातो. त्यामुळे धडधड, रक्तदाब वाढणे आणि निद्रानाश हे त्रासही सोबत येतात.

पानातले कोकेन

१८८४ पासून डोळ्याच्या शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी कोकेन वापरले जाऊ लागले. भारतातील मोठ्या शहरांत मात्र ते चोरट्या मार्गाने येऊन पानात घालून खाल्ले जाऊ लागले. या व्यसनावर चोप्रा यांनी सहकाऱ्यासोबत केलेला अभ्यास १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पदार्थ एकच, डॉक्टरांच्या हातात तो औषध होता, पानाच्या विड्यात व्यसन.

कायदा कसा आला?

मलेरियावरील क्विनाइनसह अनेक औषधांत भेसळीच्या तक्रारी वाढल्या होत्या. १९३० मध्ये सरकारने चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. औषधांचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळा हव्यात, विक्रीवर कायद्याचे नियंत्रण हवे आणि औषध विक्रेते शिकलेले असावेत, असे समितीने सुचवले. त्यातून १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला.

१९४१ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. नंतर त्यांनी जम्मू-काश्मीरमध्ये औषध संशोधन प्रयोगशाळा उभारली. देशी वैद्यकपद्धतींबाबत १९४६ मध्ये नेमलेल्या समितीचेही ते अध्यक्ष होते. देशी औषधांवरील त्यांचा १९३३ चा ग्रंथ आजही संदर्भासाठी वापरला जातो. १३ जून १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज ही औषधे कुठे वापरतात?

• एफेड्रिन : कमरेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो सावरण्यासाठी. दम्यासाठी आता जास्त सुरक्षित इनहेलर आले आहेत. एफेड्रिनपासून मेथ हा अमली पदार्थ बनवता येतो, म्हणून त्याच्या व्यापारावर सरकारचे नियंत्रण आहे.

• मिथाइलफेनिडेट : मुलांमधील अतिचंचलता (एडीएचडी) आणि अनावर झोपेच्या आजारावर. हे ‘शेड्यूल एक्स’मध्ये असल्याने चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते.

• कॅफिन : चहा-कॉफीतले हेच द्रव्य वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास मध्येच थांबू नये म्हणून मोजक्या मात्रेत दिले जाते.

आपण काय लक्षात ठेवायचे?

‘वनस्पतीचे आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारातही ऐकू येते आणि वजन घटवणाऱ्या ‘हर्बल’ पावडरच्या जाहिरातीतही. पण हृदयविकार आणि पक्षाघाताच्या तक्रारींनंतर अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक उत्पादनांवर बंदी घातली. तेही वनस्पतीचेच होते.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर सर्दीची गोळीही डॉक्टरांना विचारून घ्या. रात्री जागण्यासाठी, परीक्षेसाठी किंवा जिमसाठी कोणी गोळी दिली, तर आधी त्यात कोणते द्रव्य आणि किती मिलिग्रॅम आहे ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर ती गोळी घेऊ नका.