डाळीतलं प्रथिन अंगी लागतं का? कमला सोहोनींनी शोधलेलं उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी असो की विदर्भातलं दुसरं कुठलंही गाव, शेतात कापसाबरोबर तूर असते आणि ताटात तुरीचं वरण असतं. ज्या घरात दूध, अंडी, मटण रोज परवडत नाही, त्या घराला प्रथिनं मिळतात ती मुख्यतः डाळी-कडधान्यांतून. पण डाळीत जेवढं प्रथिन असतं, तेवढं सगळं शरीराला मिळतं का? या प्रश्नावर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत अनेक वर्षं काम झालं आणि ते करून घेणाऱ्या होत्या डॉ. कमला सोहोनी.

प्रवेशासाठी सत्याग्रह

कमला भागवत हे त्यांचं माहेरचं नाव. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. साहजिकच 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर कमलानेही तिथेच अर्ज केला. तिचे गुणही उत्तम होते.

अर्ज नाकारला गेला. कारण एकच, ती मुलगी होती. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. मुलींना संशोधनासाठी घ्यायचं नाही, हे त्यांचं मत. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते. कमलाने तोच मार्ग धरला आणि थेट रामन यांच्याकडे जाऊन नकाराचं कारण मागितलं. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं राहील, संचालकांचं समाधान होईपर्यंत तिच्या कामाला अधिकृत मान्यता मिळणार नाही आणि तिच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये.

या अटी अपमानास्पद होत्या आणि ती सल कमलाबाईंच्या मनातून उतारवयातही गेली नाही. पण त्यांनी त्या स्वीकारल्या आणि श्रीनिवासय्या या शिक्षकांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं. त्यानंतर संस्थेचे दरवाजे इतर मुलींनाही उघडले. 1936 मध्ये कमलाने एम.एस्सी. पूर्ण केलं.

बटाट्यात सापडलेला दुवा

पुढचा टप्पा होता केंब्रिज. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते नोबेल विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स. कमलाने आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम केलं. बटाट्यावर काम करताना तिला सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींमध्येही असल्याचं दिसून आलं.

याचं महत्त्व कळायला प्रथिन म्हणजे काय ते पाहायला हवं. प्रथिनं हे महारेणू, म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून तयार झालेले मोठे रेणू. माळेत मणी ओवावेत तशी अमिनो आम्लं एकापुढे एक जोडली जातात. ही माळ सरळ राहत नाही, ती दुमडून ठरावीक आकार घेते. प्रथिन कोणतं काम करणार, हे या आकारावर ठरतं.

सायटोक्रोम सी ही सुमारे शंभर-सव्वाशे मण्यांची छोटी माळ. तिच्या घडीत लोहाचा एक अणू बसवलेला असतो. हा अणू एका बाजूने इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्या प्रथिनाला देतो. अन्नातली ऊर्जा पेशीच्या उपयोगी पडते, ती अशा देवाणघेवाणीतून. ही व्यवस्था प्राण्यांत असल्याचं माहीत होतं. बटाट्यासारख्या वनस्पतीतही तिचा हा दुवा सापडला, म्हणजे झाडं आणि प्राणी श्वसनासाठी मुळात सारखीच यंत्रणा वापरतात, याला आधार मिळाला.

या कामावर 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघा चाळीसेक पानांचा. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

पुन्हा डाळीकडे

परदेशात राहण्याचा पर्याय असूनही त्या त्याच वर्षी भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केलं. 1947 मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गरिबाच्या ताटातल्या पदार्थांची तपासणी सुरू केली.

आपण खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं रक्तात जात नाही. आधी माळ तोडून मणी सुटे करावे लागतात. हे काम करणाऱ्या एन्झाइमांपैकी एक म्हणजे ट्रिप्सिन. स्वादुपिंडातून निघून ते लहान आतड्यात पोहोचतं आणि माळ ठरावीक जागी कापतं. कच्च्या कडधान्यात मात्र अशी काही प्रथिनं असतात, जी या कात्रीच्या पात्यातच जाऊन बसतात. त्यांचा आकार ट्रिप्सिनच्या खाचेत नेमका बसतो आणि कात्री अडकते. झाडाच्या दृष्टीने हे संरक्षण आहे, कारण बी खाणाऱ्या किड्याला ते पचत नाही. माणसाच्या दृष्टीने मात्र तोटा, कारण प्रथिन पोटात जाऊनही त्यातलं बरंचसं अंगी लागत नाही.

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांत हे अडथळे शोधले. 1955 मध्ये वाल आणि डबल बी यांतली अशी प्रथिनं स्फटिकरूपात वेगळी काढल्याचं त्यांचं काम 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं. प्रथिनाचे स्फटिक करायचे तर ते अतिशय शुद्ध असावं लागतं, म्हणून हे काम चिकाटीचं.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. ओलसर उष्णतेने या प्रथिनांची घडी विस्कटते. आकार गेला की अडवण्याची ताकदही जाते. काही प्रथिनांची घडी चिवट असते, म्हणून कडधान्य अर्धवट शिजवून चालत नाही. भिजवून मोड आणल्यानेही अडथळा काही प्रमाणात कमी होतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून मग शिजवण्याची जुनी रीत अशी शास्त्राशी जुळते.

ताटापर्यंत पोहोचलेलं शास्त्र

ताडाच्या झाडापासून मिळणाऱ्या नीरेचाही कमलाबाईंनी सविस्तर अभ्यास केला. नीरेत लोह आणि जीवनसत्त्वं असल्याचं त्यांनी दाखवलं. कुपोषित मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी स्वस्त पूरक आहार म्हणून ती उपयोगी ठरू शकते का, हा त्यामागचा विचार होता. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद मात्र त्यांना उशिरानेच मिळालं.

1966 मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत त्या होत्या. पुढे त्या संस्थेच्या अध्यक्षही झाल्या आणि ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. 1998 मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.

ज्या मुलीच्या कामाला वर्षभर मान्यता द्यायची नाही असं ठरलं होतं, तिने डाळींच्या प्रथिनांवर काम सुरू केलं होतं ते त्याच वर्षी. फुलसावंगीच्या चुलीवर डाळ चांगली शिजते, तेव्हा तिच्यातलं प्रथिन पोरांच्या अंगी का लागतं, याचं उत्तर त्या कामाच्या वाटेवरच मिळालं.