बीज, क्षेत्र आणि इरावती कर्वे

इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर हे नोकरीनिमित्त तेथे राहत असत. कुळ कोकणस्थ ब्राह्मणाचे, आडनावही कोकणचे. परंतु मुलीला नाव देण्यात आले ते त्या परक्या भूमीतील महानदीचे. वंश एका प्रदेशाचा आणि नाव दुसऱ्या प्रदेशाचे, असा हा आरंभ होता. माणसाला जन्माबरोबर काय लाभते आणि जगता जगता काय लाभते, या प्रश्नाभोवती ज्यांचे शास्त्रीय व वाङ्मयीन कार्य जवळजवळ चाळीस वर्षे फिरत राहिले, त्यांच्या चरित्राला हा आरंभ साजेसाच म्हणावा लागेल.

प्रश्न आपल्याकडे नवा नव्हे. अपत्य बीज पेरणाऱ्याचे की क्षेत्राच्या धन्याचे, हा वाद धर्मशास्त्रकारांनी पुष्कळ घातला आहे. त्यांच्यापुढील प्रश्न मालकीचा होता, घडणीचा नव्हता. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये निसर्ग आणि संगोपन ही जोडी ग्रंथनामात योजली आणि तेव्हापासून अनुवंश व परिस्थिती यांचा हिशेब मांडण्याची चढाओढ सुरू झाली. इरावतीबाईंच्या वाट्याला हे दोन्ही वारसे आले. शास्त्राचा बर्लिनहून आणि कथेचा महाभारतातून.

वयाच्या सातव्या वर्षी इरावती पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात दाखल झाली. तेथे तिची मैत्री जमली ती फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या कन्येशी, शकुंतलेशी. परांजपे दांपत्याने या मुलीला आपल्या घरी आणले आणि दुसऱ्या मुलीप्रमाणे वाढविले. जन्मदात्यांचे घर समुद्रापलीकडे आणि वाढीचे घर पुण्यात, अशी तिच्या बालपणाची वाटणी झाली. हे दुसरे घर सामान्य नव्हते. रँग्लर परांजपे हे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत सर्वप्रथम आलेले विद्वान आणि बुद्धिवादाचे निर्भय पुरस्कर्ते. त्या घरात पुस्तकांना मज्जाव नव्हता आणि प्रश्नांनाही नव्हता. करमरकरांच्या घरी वाढलेली इरावती कशी झाली असती, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. परंतु एकाच मुलीच्या बाबतीत बीज आणि क्षेत्र असे उघड वेगळे झालेले चरित्रकाराला क्वचितच पाहावयास मिळते.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास आरंभिला. १९२८ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण हा होता. अभ्यासकाने प्रथम स्वतःच्याच जातीकडे वळावे, यात सोय होती आणि धोकाही होता. आपले कुळ कोठून आले, आपल्या माणसांचे डोळे घारे का, अशा घरगुती कुतूहलाला तेथे शास्त्राची शिस्त लागली.

याच काळात दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र. विधवांच्या शिक्षणासाठी झिजलेल्या आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन करणाऱ्या महर्षींना आपल्या सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जावे हे मात्र पसंत नव्हते. दिनकरराव आग्रही राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या. सुधारकाच्या घरातही सुधारणेला मर्यादा असतात आणि त्या ओलांडण्याचे बळ त्याच घरातील दुसरा माणूस देतो, हा अनुभव त्यांच्या गाठी बांधला गेला. पुढे महर्षी आणि रँग्लर या दोन्ही वडीलधाऱ्यांची व्यक्तिचित्रे त्यांनी लिहिली. त्यांतील आदर डोळस आहे. ज्या घरांनी घडविले त्यांचे ऋण मान्य करूनही त्या घरांकडे थोडे दूर उभे राहून पाहता येते, हे त्या लेखनात दिसते.

बर्लिनमधील ज्या संस्थेत त्या दाखल झाल्या ती १९२७ मध्ये स्थापन झाली होती. मानवशास्त्र, मानवी अनुवंश आणि सुप्रजनन हे तिचे विषय नावातच नोंदलेले होते. संचालक ऑयगेन फिशर हे अनुवंशवादाचे मोठे आचार्य. नैर्ऋत्य आफ्रिकेतील मिश्रवंशीय समाजावरील १९१३ च्या ग्रंथाने त्यांची कीर्ती झाली होती. मानवी कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंत जी स्वाभाविक विषमता असते ती गोऱ्या वंशात अधिक असावी आणि तिचा संबंध त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठतेशी असावा, अशी फिशर यांची कल्पना होती. ही कल्पना पडताळण्याचे काम भारतातून आलेल्या या तरुण विद्यार्थिनीकडे आले. संग्रहातील कवट्यांत आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. ती माणसे कोण होती आणि त्यांचे अवशेष बर्लिनला कसे आले, हे प्रश्न मोजपट्टीच्या कक्षेत येत नव्हते.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशानुसार विषमतेत भेद पडतो असे त्यांना आढळले नाही. जे आढळले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. गुरूच्या सिद्धांताला छेद देणाऱ्या या प्रबंधावर त्यांना पदवी मिळाली, परंतु उत्तीर्णांतील सर्वांत खालच्या श्रेणीत. घटना लहान दिसते. कर्जाच्या पैशावर परदेशी आलेली एक वसाहतीतील स्त्री, समोर त्या शास्त्रातील सर्वाधिकारी पुरुष, आणि हाती काही आकडे. आकडे किंचित वळवले असते तर कोणालाही कळले नसते. ते वळवले गेले नाहीत. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांचे शास्त्र नाझी राजवटीच्या सेवेला लागले. ऱ्हाइनलँडमधील आफ्रिकी सैनिकांच्या मुलांवर १९३७ मध्ये सक्तीने निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यामागे या संस्थेतील तज्ज्ञांचे अभिप्राय होते. माणसाचे सारे भवितव्य बीजात शोधणाऱ्या विचाराचा शेवट कोठे होऊ शकतो, हे जगाने पुढे पाहिले.

तरीही इरावतीबाईंनी मानवमितीचा त्याग केला नाही, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. १९३१ ते १९३६ या काळात त्या मुंबईस महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी गावोगाव हिंडून माणसे मोजली. डोकी मोजली, नाके मोजली, रक्तगट नोंदविले. गुजरातेतील लांघणज येथे हसमुख सांकलिया यांच्यासमवेत त्यांनी उत्खननही केले. बर्लिनचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, परंतु बर्लिनची साधने सोबत आणली. शरीराच्या मोजमापावर परिस्थितीचा किती परिणाम होतो हे फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून १९१०च्या सुमारास दाखविले होते. या आक्षेपाचा पुरता निकाल त्यांच्या कार्यात लागलेला नाही. त्यांच्या कार्याची ही उणी बाजू म्हटली पाहिजे.

पण त्याच मोजमापातून त्यांच्या हाती जे लागले ते मात्र अनुवंशवाद्यांना अपेक्षित नव्हते. महाराष्ट्रातील ब्राह्मण म्हणून एकच गणले जाणारे चित्पावन, देशस्थ ऋग्वेदी, माध्यंदिन इत्यादी समूह शरीरदृष्ट्या एकमेकांहून वेगळे निघाले. एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, असे गुरू घुर्ये मानीत. निरनिराळे स्वतंत्र समूह शेजारी शेजारी येऊन एका नावाखाली बसले, असे शिष्येचे मत झाले. कुंभारांचे उदाहरण त्यांनी दिले. नाव एक, धंदा एक; पण चाके निराळी, भांडे घडविण्याची रीत निराळी आणि बेटीव्यवहार नाही. हा विचार त्यांनी 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' (१९६१) या ग्रंथात विस्ताराने मांडला. जात ही त्यांच्या दृष्टीने विस्तारलेले आप्तकुळ होते. कोणी कोणाशी लग्न करावे याचा नियम समाज घालतो आणि पिढ्यानुपिढ्या तो पाळला गेला की तोच नियम रक्तात उतरतो. येथे अनुवंश निसर्गाचा आणि परिस्थिती समाजाची ही सोपी वाटणी मोडते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने असे दाखविले की भारतातील बहुतेक समूह सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात परस्परांत मिसळत होते आणि त्यानंतर ही सरमिसळ मंदावून अंतर्विवाह रूढ झाला. समूहांच्या मूळ स्वतंत्रतेविषयीचे बाईंचे मत यामुळे जसेच्या तसे टिकत नाही. पण रूढी रक्ताला घडविते, हा त्यांच्या विवेचनातील गाभा अधिकच दृढ होतो.

'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) हा त्यांचा ग्रंथ भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष आदराने वाचावा असा आहे. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग करून त्यांनी संस्कृत, पाली, प्राकृत व आधुनिक भाषांतील नातेवाचक शब्द गोळा केले. लोकगीते, म्हणी, महाकाव्ये यांना पुराव्याचे स्थान दिले. उत्तरेत मुलगी दूरच्या अनोळखी गावी दिली जाते. लेक आणि सून या तेथे दोन निराळ्या अवस्था असतात; वागणे, बोलणे, डोक्यावरचा पदर, सारेच सीमेपाशी बदलते. दक्षिणेत ती मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाते. सासू पूर्वीपासूनच नात्यातली, अंगण ओळखीचे. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. म्हणजे एकाच देशातील दोन मुलींचे बीज कसेही असो, लग्नाच्या दिवशी त्यांचे क्षेत्र बदलते किंवा बदलत नाही आणि उरलेले आयुष्य त्यावर ठरते. माणसाची घडण बाळपणी संपत नाही. स्त्रीच्या बाबतीत तर ती विवाहानंतर नव्याने सुरू होते, वैधव्यात पुन्हा एकदा बदलते. ओव्यांतील माहेरची ओढ ही या रचनेची साक्ष आहे.

मराठी ललित निबंधात हाच विषय त्यांनी निराळ्या सुरात हाताळला. 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहाच्या शीर्षकलेखात सभेच्या अध्यक्षांकडून थोरामोठ्यांची आप्त म्हणून ओळख करून दिली जाते, तरी काहीतरी उणे राहिल्याची रुखरुख लागते. आणि रस्त्यावरची शाळकरी मुले आपल्या वर्गातल्या सोबत्याची आई म्हणून बोट दाखवितात तेव्हा ती ओळख पुरी होते. वारीवरील लेखात एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायांच्या पंगती वेगळ्या बसताना पाहून झालेली वेदना आहे. विठ्ठलाच्या वाटेवरही जन्म पाठ सोडीत नव्हता. बाई मराठा बायांबरोबर जेवल्या तेव्हा त्यांच्या वागण्यात मोकळेपणा आला. एका जेवणाने अंतर कमी झाले, पण पंगती वेगळ्याच राहिल्या.

या साऱ्याची परिणती 'युगान्त' (१९६७) मध्ये झाली. त्यास १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९६९ मध्ये त्याचा लेखिकेनेच सिद्ध केलेला इंग्रजी अवतार निघाला. महाभारत ही बीज आणि क्षेत्र यांच्या गुंत्याची कथा आहे. धृतराष्ट्र, पांडू, विदुर हे नियोगातून झालेले. पांडवांना पिता एक नावाचा, दुसरा देव. विदुर हाच युधिष्ठिराचा जनक असावा काय, असा प्रश्न इरावतीबाईंनी उपस्थित केला. नियोगाची रूढी, विदुराचे यमधर्माचा अंश असणे, आणि अंतकाळी त्याने योगबलाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करणे ही त्यांची गमके होती. निर्णय त्यांनी दिला नाही; प्रश्नचिन्ह राखले.

कर्णाच्या प्रकरणात हा विचार सर्वांत खोल जातो. जन्माने क्षत्रिय, संगोपनाने सूत. रवींद्रनाथांनी कर्ण आणि कुंती यांच्या भेटीवर करुण काव्य रचले. १९६७ मध्येच शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'ने मराठी वाचकाला उदात्त कर्ण दिला. इरावतीबाईंचा कर्ण मात्र उदात्त नाही. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना करणारा, घोषयात्रेत रण सोडणारा कर्ण त्या नजरेआड करीत नाहीत. आपण कोण हे ठरविण्यातच त्याचे आयुष्य गेले. दासीपुत्र विदुराने मिळालेल्या जागी उभे राहून स्वतःची उंची गाठली. कर्णाला कोणतीच जागा आपली वाटली नाही. दोघांवरही जन्माने अन्याय केला. पण अन्याय सारखा असूनही माणसे सारखी झाली नाहीत. बीज आणि क्षेत्र यांची बेरीज करूनही काही शिल्लक राहते आणि त्याचा जाब माणसालाच द्यावा लागतो, असा या प्रकरणाचा रोख आहे. एका घरी जन्मून दुसऱ्या घरी वाढलेल्या लेखिकेने परक्या घरी वाढलेल्या वीराला ही सवलत नाकारावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. 'गंगाजल' हा निबंधसंग्रह १९७२ मध्ये निघाला. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या त्यांच्या दोन्ही कन्या लेखिका झाल्या. लेखनाचा गुण रक्तातून आला की त्या घरातील बोलण्या-वाचण्यातून, हे सांगता येणार नाही, कारण तेथे बीज आणि क्षेत्र एकच होते. त्यांच्या आईच्या बाबतीत ती दोन वेगळी होती, आणि तिच्याविषयीही हिशेब पुरा जुळत नाही. बर्लिनमध्ये आकडे तसेच ठेवण्याचा निर्णय म्यिंजानहून आला की परांजप्यांच्या दिवाणखान्यातून, हे कोणत्याही मोजपट्टीने मोजता येत नाही.