इव्हान गोलिकोव्ह

इव्हान इव्हानोविच गोलिकोव्ह (१८८६–१९३७) हे रशियन चित्रकार होते. पालेख शैलीच्या लॅकर लघुचित्रकलेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जीवन

गोलिकोव्ह यांचा जन्म मॉस्को येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पालेख गावचे. ऑर्थोडॉक्स चर्चसाठी पूज्य धर्मचित्रे रंगवणे हा या गावाचा पिढीजात व्यवसाय होता. गोलिकोव्ह यांनी बालवयातच सफोनोव्ह यांच्या चित्रशाळेत या कलेचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. १९१७च्या क्रांतीनंतर धर्मचित्रांची मागणी संपली व पालेखचे कसलेले चित्रकार एकाएकी निरुपयोगी ठरले. कोणी शेतीकडे वळले. गोलिकोव्ह यांनी नाटकांचे पडदे रंगवले.

लॅकर कलेकडे

१९२०च्या दशकाच्या आरंभी मॉस्कोच्या हस्तव्यवसाय संग्रहालयात फेदोस्किनो गावच्या, कागदी लगद्यापासून बनवलेल्या काळ्या डब्या त्यांच्या पाहण्यात आल्या. फेदोस्किनोत तैलरंग वापरीत. गोलिकोव्ह यांना तो रंग परका होता. आपल्या धर्मचित्रांचे रंग त्या काळ्या पृष्ठावर टिकतील काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. छायाचित्रे धुण्याच्या कागदी लगद्याच्या तबकाचा तुकडा घेऊन त्यांनी प्रयोग केला आणि नंदनवनात पशूंमध्ये उभा असलेला आदाम रंगवला. प्रयोग साधला. मात्र या शोधाचे श्रेय त्यांना एकट्याला देणे योग्य नाही. मेहुणे अलेक्सांद्र ग्लाझुनोव्ह यांचाही त्यात वाटा होता. डिसेंबर १९२४ मध्ये पालेखच्या सात चित्रकारांनी 'प्राचीन चित्रकला सहकारी मंडळ' स्थापन केले. गोलिकोव्ह त्यांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात पालेखच्या कलाकृती वाखाणल्या गेल्या.

तंत्र

पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून, दाबून डबी घडवतात. ती जवसाच्या तेलात मुरवून भट्टीत वाळवतात आणि तिला बाहेरून काळे, आतून बहुधा लाल रोगण देतात. अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी चित्र काढले जाते. सोन्याच्या वर्खाची डिंकात बोटाने घोटलेली शाई शेवटी वापरतात व सोन्याच्या रेषा लांडग्याच्या दाताने घासून चकाकवतात. त्यावर पारदर्शक रोगणाचे अनेक हात चढतात. हे रोगण तेलापासून होते. आपल्याकडील लाखेशी त्याचा संबंध नाही.

कार्य

त्रोइका (तीन घोड्यांची गाडी), शिकार आणि लढाई हे गोलिकोव्ह यांचे आवडते विषय. त्यांचे घोडे निळे, तांबडे, केशरी असतात. एकच प्रसंग त्यांनी पुन्हापुन्हा रंगवला, पण जशीच्या तशी नक्कल सहसा केली नाही. लेखक मॅक्सिम गॉर्की यांच्या सूचनेवरून त्यांनी 'इगोरच्या मोहिमेची गाथा' या मध्ययुगीन रशियन काव्याची चित्रे काढली आणि संपूर्ण संहिताही स्वतःच्या हाताने लिहून काढली. हा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या कुटुंबामुळे कीर्ती मिळूनही त्यांची ओढाताण संपली नाही. १९३७ मध्ये पालेख येथे त्यांचे निधन झाले. तेथील त्यांचे घर आता संग्रहालय आहे.