निंदेला सेवेचे उत्तर

नाताळच्या मंगल पर्वावर पंडिता रमाबाईंचे स्मरण उचित ठरावे. पुराणिक अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी १८५८ मध्ये जन्मलेल्या या विदुषीस कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ ही पदवी अर्पण केली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि स्वजनांचा रोष ओढवून घेतला.

विधवांसाठी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. तेथे मुली बाटविल्या जातात, असा १८९३ मध्ये गहजब झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. बाईंनी आपली प्रार्थना लपविली नाही, की सदनही मोडले नाही.

शत्रूचेही कल्याण चिंतावे, ही प्रभू ख्रिस्ताची शिकवण. ती त्यांच्या कृतीत उतरली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील सुमारे ३०० निराधार मुलींना आणून त्यांनी आश्रय दिला. ज्या समाजाने दूषण दिले, त्याच्याच या लेकी केडगावच्या मुक्तिसदनात वाढल्या. बायबल मराठीत आणण्यासाठी बाई हिब्रू व ग्रीक शिकल्या. ते भाषांतर पुरे करूनच १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. हाती घेतलेले व्रत तडीस नेणे, हीच त्यांची क्षमा होय.