एका हाताचा सेंटर फॉरवर्ड

होस्टेलवर मला सगळे 'थोट्या' म्हणतात. नवीन आलेल्या ज्युनिअर्सना धक्का बसतो, पण माझी काही तक्रार नाही. सातवीत असताना गावी गुरांसाठी वैरण तोडत होतो. कडबाकुट्टीत हात गेला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. मग डाव्या हातानं लिहायला शिकलो, डाव्या हातानं ड्राफ्टर फिरवून ग्राफिक्सचा पेपर काढला (दुसऱ्या अटेम्प्टला का होईना!). थोडक्यात काय, 'थोट्या' या शब्दाचा मला राग येत नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, पण ते शेवटी सांगतो.

डिसेंबर 2022 ची गोष्ट. मी फर्स्ट इयरला होतो. वर्ल्ड कपची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, आणि कॉमन रूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. मॅच पेनल्टीवर गेली, अर्जेंटिना जिंकली आणि आमच्या विंगनं मेसच्या थाळ्या वाजवून रेक्टर सरांना उठवलं. त्या गोंधळात टीव्हीवर आजवरच्या विजेत्यांची यादी आली. सगळ्यात वर होतं उरुग्वे, 1930. पहिल्या फायनलमध्येही अर्जेंटिना होती, पण तेव्हा ती हरली होती. रूमवर जाऊन मोबाईलवर त्या मॅचचं वाचायला लागलो. उरुग्वेचा शेवटचा गोल मारणाऱ्या माणसाचा फोटो समोर आला आणि मी उठून बसलो. त्याचा उजवा हात कोपराच्या खाली नव्हताच!

मित्रांनो, त्याचं नाव एक्तोर कास्त्रो. जन्म 1904 चा, उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळेच्या वयातच कामाला लागला. तेराव्या वर्षी विजेवर चालणाऱ्या करवतीत हात सापडला आणि उजवा हात कोपराखालून गेला. माझंही वय साधारण तेवढंच होतं. फरक एवढाच, की माझ्या मागे एस.टी.नं तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन धावणारे बाबा होते, आणि कास्त्रोचा काळ 1917 चा. तेव्हा पेनिसिलिनसुद्धा सापडलेलं नव्हतं.

आता आपण इंजिनिअर लोक, तेव्हा जरा मेकॅनिक्स बघू. फुटबॉल पायांचा खेळ, मग हात नसला तर काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. पण धावताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे का जातो? पायांमुळे धडाला जो पीळ बसतो, जो अँग्युलर मोमेंटम तयार होतो, तो उलट दिशेनं झुलणारे हात बऱ्याच अंशी खोडून काढतात. हेडिंगसाठी उंच उडी मारतानाही आधी हात वर झोकावे लागतात. पडताना सावरायला हातच लागतो, आणि पाठीवर आलेल्या डिफेंडरला लांब ठेवायलाही हातच. एका बाजूचं वजन आणि लांबी कमी झाली की सगळा तोल नव्यानं बसवावा लागतो. माझी नुसती बोटं गेली, तरी सुरुवातीला सायकल डावीकडे ओढायची. या गड्याचा तर अर्धा हात गेला होता.

कास्त्रोनं तो तोल बसवला. विशीच्या आसपास तो नॅसिओनाल या माँटेव्हिडिओच्या बड्या क्लबात आला आणि देशाच्या टीममध्येही पोचला. 1926 साली दक्षिण अमेरिकेची स्पर्धा जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या टीममध्येही होता. उरुग्वेकडून एकूण 25 मॅचेस आणि 18 गोल, असा त्याचा हिशेब आहे. लोकांनी त्याला नाव दिलं 'एल दिव्हिनो मान्को'. मान्को म्हणजे थोटा, आणि दिव्हिनो म्हणजे दिव्य. दिव्य थोटा! नाव वाचलं आणि रात्री दोन वाजता एकटाच हसलो.

पण तो साधा-सरळ, बिचारा वगैरे मुळीच नव्हता. चेंडूसाठी उसळताना तो हाताचं उरलेलं टोक प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर सर्रास वापरायचा, अशी त्याची ख्याती होती. हवेत त्याच्याशी भिडणं म्हणजे बरगडीत ठोसा खाण्याची तयारी ठेवणं. हे मी काही आदर्श म्हणून सांगत नाही. पण समोरचे डिफेंडर त्याला सांभाळून घेत नव्हते आणि त्यालाही ते नको होतं, एवढं यातून नक्की कळतं.

आता 1930 कडे येऊ. पहिला वर्ल्ड कप उरुग्वेत. देशाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत. टीम आल्या फक्त 13, युरोपातून अवघ्या चार, त्याही बोटीनं. सिव्हिलवाल्यांनी इकडे लक्ष द्या : या स्पर्धेसाठी एस्तादिओ सेंतेनारिओ हे प्रचंड काँक्रीटचं स्टेडियम आर्किटेक्ट स्कास्सो यांच्या देखरेखीखाली साधारण सहा-आठ महिन्यांत उभं केलं गेलं. पावसानं खोळंबा केला आणि 13 जुलैला स्पर्धा सुरू झाली तेव्हा काम बाकीच होतं. सुरुवातीच्या मॅचेस दुसऱ्या मैदानांवर घ्याव्या लागल्या. आपल्या सबमिशनसारखंच झालं म्हणायचं, फक्त त्यांनी फाईल पूर्ण करून दिली!

होस्टेलवाल्यांसाठी आणखी एक किस्सा. उरुग्वेच्या टीमला आधी कॅम्पमध्ये ठेवलं होतं. गोलकीपर माझाली रात्री चोरून बाहेर गेला आणि परत येताना सापडला. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं नावावर असलेला माणूस, पण कोच सुप्पिचीनं त्याला सरळ टीमबाहेर काढलं. आपले रेक्टर सर फारच दयाळू आहेत, हे यावरून पटावं.

18 जुलै 1930. उरुग्वेच्या पहिल्या राज्यघटनेला त्या दिवशी शंभर वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच दिवशी नव्या स्टेडियममधली पहिली मॅच झाली, उरुग्वे विरुद्ध पेरू. पहिला हाफ कोरा गेला. दुसऱ्या हाफमध्ये कास्त्रोनं गोल मारला आणि उरुग्वे 1-0 नं जिंकलं. त्या स्टेडियममधला पहिला गोल, वर्ल्ड कपमधला उरुग्वेचा पहिला गोल, आणि मारला कुणी तर एका हाताच्या माणसानं.

मग पुढे काय? हार-तुरे? छे! पुढच्याच मॅचला कोचनं त्याला बसवलं. पेरूविरुद्ध टीम काही धड खेळली नव्हती, म्हणून फॉरवर्ड लाईन बदलली आणि कास्त्रोच्या जागी अन्सेल्मो आला. रोमानियाविरुद्ध 4-0, अन्सेल्मोचा एक गोल. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध 6-1, अन्सेल्मोचे दोन. आता तुम्हीच सांगा, असल्या फॉर्मातल्या माणसाला कोण काढेल? ऐतिहासिक गोल मारून कास्त्रो बाहेर बसून राहिला.

या ठिकाणी मी वाचायचं थांबलो होतो. एक हात नसलेल्या माणसाला, त्यानं एकमेव गोल मारल्यावरसुद्धा, बिनदिक्कत काढून टाकणारा तो कोच मला आधी निर्दय वाटला. मग हळूहळू लक्षात आलं, की तो कास्त्रोला इतरांसारखाच खेळाडू समजत होता. पहिल्या मॅचला घेतलं ते खेळ बघून, आणि काढलं तेही खेळ बघूनच.

30 जुलैच्या फायनलला अन्सेल्मो उतरला नाही आणि कास्त्रो परत आला. समोर अर्जेंटिना, नदीपलीकडचा शेजारी आणि सख्खा वैरी. चेंडू कुणाचा वापरायचा यावरूनच भांडण झालं. शेवटी पहिला हाफ अर्जेंटिनाच्या चेंडूनं आणि दुसरा उरुग्वेच्या चेंडूनं, असा तोडगा निघाला. दोरादोनं उरुग्वेला पुढे नेलं, पण पेउसेये आणि स्ताबिले यांच्या गोलांमुळे हाफटाइमला अर्जेंटिना 2-1 नं पुढे होती. मग चेंडू बदलला आणि वारंही फिरलं. सेआनं बरोबरी साधली, इरियार्तेनं आघाडी दिली, 3-2. अर्जेंटिना शेवटपर्यंत झुंजत होती. मॅच संपायला मिनिटभर उरलं असताना चेंडू उंच आला, कास्त्रो उसळला आणि हेडर गोलकीपर बोतास्सोच्या वरून जाळ्यात गेला. 4-2! दुसऱ्या दिवशी अख्ख्या देशाला सुट्टी जाहीर झाली.

उडी मारताना हात झोकावे लागतात, असं मी वर लिहिलं, ते आठवतंय ना? वर्ल्ड कप फायनलचा शेवटचा गोल त्यानं हवेत उडी मारून, डोक्यानं केला.

एवढ्यावर तो थांबला नाही. 1933 च्या उरुग्वे लीगचा निकाल लागता लागता 1934 चा नोव्हेंबर उजाडला. नॅसिओनाल विरुद्ध पेन्यारोल या निर्णायक मॅचमध्ये बाहेर गेलेला चेंडू नॅसिओनालच्या मसाजवाल्याच्या पेटीवर आपटून आत आला आणि पेन्यारोलनं तो गोलमध्ये मारला. गोल दिला गेला म्हणून रणकंदन माजलं, खेळाडू बाहेर काढले गेले, मॅच अर्धवट राहिली. उरलेला वेळ पुढे कित्येक आठवड्यांनी खेळवला, नॅसिओनालचे नऊ विरुद्ध अकरा, तरी निकाल नाही. अखेर नोव्हेंबरमध्ये पुन्हा सामना झाला आणि नॅसिओनालनं 3-2 नं ट्रॉफी घेतली. तिन्ही गोल कास्त्रोचे! लगेच जानेवारी 1935 मध्ये लिमाला दक्षिण अमेरिकेची स्पर्धा झाली. उरुग्वेची टीम म्हातारी झाली असं म्हटलं जात होतं. त्या म्हाताऱ्यांनी अर्जेंटिनाला 3-0 नं हरवलं. त्यात एक गोल कास्त्रोचा.

1936 ला त्यानं बूट टांगले आणि पुढे कोच झाला. त्याच्या हाताखाली नॅसिओनालनं 1940 ते 1943 अशी सलग चार वर्षं लीग जिंकली, मधल्या 1941 मध्ये पेन्यारोलला 6-0 असं धुतलं, आणि 1952 ला पुन्हा एकदा लीग घेतली. 1960 साली वयाच्या 55 व्या वर्षी तो माँटेव्हिडिओतच गेला.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. आमच्या होस्टेलच्या टीममध्ये सेकंड इयरला माझं नाव होतं. खूश होतो. मग एकदा मेसच्या रांगेत मागून ऐकलं, की घेऊ दे त्याला, तेवढंच बरं वाटेल. त्या दिवशी पोळी घशाखाली उतरेना. 'थोट्या' चालतं, पण हे नाही चालत. सरकारी कागदावर मी 2016 पासून 'दिव्यांग' आहे. शब्द चांगला आहे, वाद नाही. पण कास्त्रोला 'दिव्य' म्हणाले ते त्यानं मारलेल्या गोलांसाठी.

कॅप्टनला जाऊन सांगितलं, की माझा हात बघून घेतलं असशील तर काढ. तो गडबडला, आणि त्यानं खरंच काढलं! महिनाभर पहाटे मुरमाच्या ग्राउंडवर एकटा धावलो, हेडिंगच्या उड्या मारल्या, गुडघे सोलले. इंटर-होस्टेलच्या दोन मॅचेस बाहेर बसून बघितल्या. तिसरीला त्यानं आपणहून बोलावलं.

कास्त्रोसारखा शेवटच्या मिनिटाला गोल वगैरे मारला नाही. उलट गोलकीपर पडलेला, समोर जाळं मोकळं, आणि मी चेंडू थेट पाण्याच्या टाकीवर मारला. आम्ही हरलो. त्या रात्री अख्ख्या विंगनं मला ज्या शिव्या घातल्या, त्या या मासिकात छापता येणार नाहीत. कुणीही माझा हात मध्ये आणला नाही. सगळ्या शिव्या माझ्या पायाला होत्या.

रूमवर येऊन मस्त झोपलो. या वर्षी पुन्हा सिलेक्शन आहे.