पंडिता रमाबाई आणि उघडें दार

धर्मांतर करणारा मनुष्य लोभास तरी बळी पडलेला असतो, नाहीं तर भिडेस तरी, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पंडिता रमाबाईंचें चरित्र ज्यांनीं नीट पाहिलें असेल त्यांस तो समज तेथें लागू करितां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ सालीं जन्मली. दुष्काळांत मातापितरांचा वियोग, भावासह देशाटन, १८७८ त कलकत्त्याच्या पंडितांकडून सन्मान, १८८० त विवाह आणि दोनच वर्षांत वैधव्य, हें सर्व वाचकांच्या परिचयाचें आहे. १८८३ त त्या तान्ह्या मुलीसह विलायतेस गेल्या व वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

खरी कसोटी येथूनच लागली. मठांतील भगिनींची अपेक्षा अशी कीं, चर्च सांगेल तें नव्या शिष्येनें निमूटपणें मानावें. रमाबाईंस तें मान्य होईना. त्रैक्याच्या सिद्धांताविषयींच्या शंका त्यांनीं पत्रांतून उघड मांडल्या; क्रुसावर लॅटिन अक्षरें कशास, संस्कृत कां नकोत, असेंही विचारिलें. चेल्टनहॅम येथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें अशी गोष्ट निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. तीही त्यांस मुळींच रुचली नाहीं. अन्न, निवारा व मुलीचा सांभाळ ज्यांच्या हातीं, त्यांच्याशींच हा वाद होता, हें विसरतां कामा नये.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन निघालें व पुढल्याच वर्षीं तें पुण्यास आलें. पैसा अमेरिकेंतील मंडळींचा. अट ही कीं, विधवांस धर्मशिक्षण देऊं नये. रमाबाईंनीं तसें दिलें नाहीं, म्हणून कांहीं मिशनरी रुष्ट झाले. मात्र स्वतःची प्रार्थना करितांना त्या खोलीचें दार लावीत नसत, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. 'केसरी'नें तोफ डागली. १८९३ त रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि पालकांनीं सुमारें पंचवीस मुली काढून नेल्या.

पालकांची भीति अगदींच निराधार होती, असें आम्ही म्हणणार नाहीं. आश्रयदात्रीच्या आचरणाचा कोंवळ्या मनावर ठसा उमटतोच, आणि रानड्यांसारख्यांनीं हात आखडता घेतला तो द्वेषानें नव्हे. परंतु दार लावून घेतलें असतें तर सदन निर्वेध चाललें असतें, हें रमाबाईंस कळत नव्हतें काय? कळत असूनही त्यांनीं तें उघडेंच ठेविलें. बाहेर एक व आंत एक असा व्यवहार त्यांनीं पत्करला असता, तर त्यांचे टीकाकारच उद्यां त्यांस ढोंगी म्हणते.

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों अनाथ मुली आणून केडगांवीं मुक्तिसदन उभारिलें. त्याच सुमारास पुण्याच्या प्लेग-छावणींतील स्त्रियांच्या हेळसांडीवर त्यांनीं वर्तमानपत्रांतून कडक टीका केली. राज्यकर्ते स्वधर्माचे, म्हणून त्यांची लेखणी अडखळली नाहीं.

अखेरचीं वर्षें त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठींत आणण्यांत घालविलीं. १९२१ त मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. त्या भाषांतराची छपाई मुक्तीच्याच छापखान्यांत, तेथील स्त्रियांच्या हातून झाली.